खैरनार बाईंचा ‘काय शे’चा तास

आजच्या या निरोप समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या शिक्षण संस्थेचे आधारस्तंभ आदरणीय दादासाहेब गायखे, व्यासपीठावरचे मुख्याध्यापक शिरसाठ सर, ज्यांच्यासाठी आपण कामधंदे बाजूला ठेवून इथे जमलो त्या सत्कारमूर्ती योगिनी खैरनार बाई, सर्व गुरुजन, पालक, माता-भगिनी, मागे उभे राहिलेले माझे द्राक्षबागाईतदार बंधू आणि पुढे सतरंजीवर बसून बसून कंटाळलेले विद्यार्थी मित्रहो, आपणा सर्वांना माझा नमस्कार.

सूत्रसंचालकांनी माझी ओळख करून देताना ‘ट्रॅक्टरचालक आणि पालक’ असं म्हटलं. त्यात दुरुस्ती करतो. ट्रॅक्टर माझा आहे, फवारणीचा ब्लोअर माझा आहे, आणि मी पालक-शिक्षक संघाचा उपाध्यक्ष आहे. दुसरं, ‘शिक्षण अपूर्ण’ असं जे म्हटलं, तेही तितकंसं खरं नाही. मी शाळा आठवीत सोडली. नापास झालो नाही, सोडली. पुढचं शिक्षण औषधांच्या डब्यांवरच्या लेबलांवर झालं. ती लेबलं इंग्रजीत असतात आणि अक्षर मुंगीएवढं असतं. शब्दकोश मांडीवर घेऊन मी ती वाचली. आजही या शिवारात कोणतं औषध कशात मिसळायचं नाही हे विचारायला पदवीधर मुलं माझ्या शेडवर येतात. असो. आज दिवस बाईंचा आहे.

खरं सांगायचं तर मी थकलेलो आहे. या महिन्यात याच हॉलमधला हा माझा तिसरा समारंभ. प्रत्येक वेळी तीच शाल, तोच नारळ आणि ‘निवृत्ती ही नवी सुरुवात असते’ हे तेच वाक्य. ते वाक्य मी आज बोलणार नाही. बाई थकल्या आहेत, त्या सटाण्याला घरी जाऊन झोपणार आहेत, आणि ती झोप त्यांनी कमावलेली आहे.

शिरसाठ सरांनी मला सांगितलं होतं, की बाईंच्या त्या प्रसिद्ध तासाबद्दल दोन गौरवाचे शब्द बोला. मी म्हटलं, सर, गौरव करायचा की खरं सांगायचं? सर म्हणाले, दोन्ही जमवा. जमतं का बघतो.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी तो तास काय होता ते सांगतो. नववीच्या वर्गाला बाई नागरिकशास्त्र शिकवायच्या. वर्षातून काही तास त्या पुस्तक मिटून ठेवायच्या आणि गावातलं एखादं चालू भांडण वर्गात घ्यायच्या. जुनं नाही, चालू. त्यात कोणाकोणाची बाजू आहे हे मुलांनी फळ्यावर लिहायचं. मग ज्याची जी बाजू, ती त्याने मांडायची नाही, समोरच्याची मांडायची, कोणी कोणाची ते चिठ्ठ्या टाकून ठरायचं. तीही ‘त्याचं असं म्हणणं आहे’ अशी नाही, तर ‘मी’ म्हणून. आणि ज्याची बाजू मांडली जाते, तो खराखुरा माणूस समोर खुर्चीवर बसलेला असायचा. बाई सुरुवातीला मुलाला त्यांच्या अहिराणीत विचारायच्या, “तुनं म्हणनं काय शे?” म्हणजे तुझं म्हणणं काय आहे? त्यावरून मुलांनी त्या तासाचं नाव पाडलं, ‘काय शे’चा तास. बोलून झालं, की खुर्चीवरच्या माणसाने मान हलवायची. ‘हो, हेच माझं म्हणणं.’ मान हलली नाही, तर पुन्हा मांडायचं. न्यायनिवाडा नाही, मतदान नाही. मान हलेपर्यंत मांडत राहायचं.

मला हा तास पटत नव्हता. अभ्यासक्रमात नाही, परीक्षेत येत नाही, आणि गावातल्या प्रतिष्ठित माणसांना पोरांसमोर खुर्चीवर बसवायचं हे काय? तसं मी पालक सभेत बोललोही होतो. इतिवृत्तात आहे.

तर मागच्या वर्षी बाईंनी घेतलं ते भांडण फवारणीचं. आपल्या शाळेची पश्चिमेची भिंत आणि नाथाभाऊंची बाग यांच्यात फक्त एक बैलगाडीची वाट आहे. नाथाभाऊ इथे बसलेले आहेत, नमस्कार. ऑक्टोबर छाटणीनंतर अवकाळी पाऊस पडला की डावणी येते. डावणी म्हणजे द्राक्षाचा असा रोग, की आज पानावर तेलकट ठिपका दिसतो आणि चार दिवसांत घडच हातचा जातो. पाऊस उघडला की फवारावंच लागतं. पान ओलं असताना मारलं तर औषध ओघळून जातं. पान सुकायची वाट बघितली, तर आपली साडेसातची शाळा भरलेली असते. आणि नाथाभाऊंच्या बागेत ब्लोअर घेऊन जाणारा माणूस कोण, हे तुम्हाला मी वेगळं सांगायला नको.

त्याच वर्गात हर्षाली होती. तिला लहानपणापासून दमा आहे. तिची आई चंद्रभागाबाई नाथाभाऊंच्याच बागेत विरळणीला, म्हणजे घडातले जादा मणी काढायला जातात. वडील एकलहऱ्याच्या वीज केंद्रात कंत्राटी कामावर, रविवारी घरी येतात. फवारणीच्या दिवसांत पोरीला त्रास व्हायचा, म्हणून घरात बोलणं चाललं होतं, की हिला शाळेतून काढून लासलगावला मामाकडे ठेवावं. मालकाला ‘औषध मारू नका’ म्हणून कोणत्या तोंडाने सांगणार? त्यापेक्षा पोरगी हलवणं सोपं. पण ती मुलगी वर्गात पहिली-दुसरी येणारी आणि तिला हीच शाळा हवी होती. प्रश्न एवढाच होता, की हर्षाली या शाळेत राहणार की नाही. बाकी सगळं या प्रश्नाभोवती आहे.

मुलांनी फळ्यावर बाजू लिहिल्या. बागेचा मालक. बागेतल्या बाया. विद्यार्थी. मुख्याध्यापक. परदेशात ती द्राक्षं खाणारा माणूस. एकाने तर द्राक्षाची वेलही लिहिली. माझी मुलगी पूजा त्याच वर्गात. घरी येऊन तिने मला यादी सांगितली. मी विचारलं, आणि ब्लोअरवाला? ती म्हणाली, बाबा, तुमचं कोणाच्या लक्षातच आलं नाही.

वेलीला बाजू होती, मला नव्हती. प्रत्यक्षात तिथे ट्रॅक्टर फिरवतो मी, आणि माझ्याच मुलीच्या वर्गात माझं म्हणणं कोणाला नको. मी दुसऱ्या दिवशी शाळेत गेलो आणि बाईंना हे बोलून दाखवलं. बाईंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “बरं झालं आलात सोमनाथभाऊ. बसा खुर्चीवर.”

फारुखभाई पंक्चरवाल्यांचा झीशान माझ्या वतीने उभा राहिला. म्हणाला, “मी ब्लोअरवाला. मला मालक सांगतो तेव्हा मी जातो. मी नाही गेलो तर दुसरा ब्लोअरवाला जाईल. माझ्या टाकीत चारशे लिटर औषध बसतं.” मी मान हलवली नाही. म्हटलं, टाकी सहाशेची आहे. बाई म्हणाल्या, लिटर सोडा, म्हणणं बरोबर आहे का? मी म्हटलं, बाई, ज्याला माझी टाकी माहीत नाही त्याला माझं म्हणणं काय माहीत असणार? वर्ग हसला. झीशान मात्र हसला नाही. त्याने पुन्हा मांडलं, सहाशे लिटरसकट, आणि शेवटी स्वतःच्या मनाने एक वाक्य घातलं, “शाळेच्या भिंतीपाशी वळताना मी खिडक्यांकडे बघत नाही.” मी मान हलवली. याहून जास्त त्याबद्दल बोलणार नाही.

नंतर खुर्चीवर नाथाभाऊ बसले. आणि त्यांची बाजू मांडायची चिठ्ठी निघाली होती हर्षालीच्या नावाची.

ती उभी राहिली. म्हणाली, “मी नाथाबाबा. मी एक बिचारा शेतकरी आहे. निसर्गापुढे माझं काही चालत नाही.” नाथाभाऊंनी हात वर केला. म्हणाले, “बिचारा कोण? पोरी, माझा माल एक्स्पोर्टला जातो. बिचारा नाय मी. बदल.”

तिने दुसऱ्यांदा मांडलं. “ब्लोअरच्या आवाजात मला शाळा ऐकू येत नाही. इथे मुलं बसतात हे माझ्या ध्यानातच राहत नाही. कळलं असतं तर मी थांबलो असतो.” चांगलं मांडलं होतं. ऐकणाऱ्याला माणूस आवडावा असं. नाथाभाऊंनी पुन्हा मान हलवली नाही. “माझी नात याच शाळंत शिकली. ध्यानात कसं राहणार नाय? लय गोड करू नको मला. हाय तसं सांग.”

हर्षालीने खिडकीतून बागेकडे बघितलं आणि सावकाश बोलली. “मला माहीत आहे. शाळा भरलेली आहे, वारा तिकडेच आहे, हे सगळं मला माहीत आहे. पान सुकलं की माझ्याकडे थोडाच वेळ असतो. त्या वेळात मी ठरवतो, बाग की शाळा. आणि मी बाग धरतो. दर वेळी. त्याचं मी वाईट वाटून घेत नाही, कारण वाटून घेतलं तर मला बाग करता येणार नाही.”

नाथाभाऊ खाली बघत होते. म्हणाले, “हां. हे माझं.”

लोकहो, दुसऱ्याची बाजू समजून घ्यायची म्हणजे त्याला चांगला ठरवायचं, असं मी तोवर समजत होतो. ती मुलगी दोनदा त्यांना चांगलं ठरवत होती आणि दोनदा नापास झाली. समोरच्याला धुऊन-पुसून मांडलं तर ते त्याचं म्हणणं राहत नाही, हे मला कोणत्याही लेबलावर वाचायला मिळालं नव्हतं.

पण तास संपला नव्हता. बाईंचा एक नियम मोठ्या माणसांना आधी सांगितला जात नसे. ज्याची बाजू मांडून झाली, त्याने उठून मांडणाऱ्याची बाजू मांडायची. माझी पाळी नंतर होती. बाई म्हणाल्या, “नाथाभाऊ, आता तुम्ही हर्षाली.”

ते उठले. टोपी नीट केली. म्हणाले, “मी हर्षाली. मला दम लागतो.” हर्षालीची मान हलली नाही. “मला ते तोंडात फुकायचं औषध घ्यावं लागतं.” नाही. “मला शाळा बुडवावी लागती.” तरी नाही. मग ते चिडले. म्हणाले, “मग हाय तरी काय? तूच सांग की.” बाई म्हणाल्या, तिने सांगायचं नाही, तुम्ही शोधायचं. नाथाभाऊ म्हणाले, “या वयात मला परत नववीत बसवता का बाई?” आणि चालू लागले. दारातून मला म्हणाले, “चल रे सोमनाथ, वेलीलाबी बाजू हाय म्हणत्यात. ती वाट बघतीया.”

पोरं हसली. मीही हसलो. आम्ही गेलो आणि फवारलं.

पुढचं मला पूजाकडून कळलं. काही दिवसांनी पुन्हा पाऊस झाला. सकाळी नाथाभाऊंनी मला बाग दाखवली, म्हणाले सुरू कर, आणि स्वतः कुठेतरी निघून गेले. मी भिंतीकडच्या ओळीत आलो तेव्हा ते कुठे होते? नववीच्या वर्गात, मागच्या बाकावर. बाईंना म्हणाले होते, जरा बसतो. बाईंनी विचारलं नाही कशाला. गणिताचा ऑफ तास होता, मुलं लिहीत बसली होती.

ब्लोअरचा आवाज आला. कोणी काही बोलायच्या आत हर्षाली उठली आणि तिने पश्चिमेच्या खिडक्या एकेक करून लावल्या. कड्या घातल्या. वीज गेलेली होती, पंखे बंद. वर्गात उकडायला लागलं. कोणीतरी सुस्कारा सोडला, कोणीतरी वहीने वारा घेतला, कोणीतरी हळूच म्हणालं, झालं हिचं सुरू. ती जागेवर जाऊन बसली आणि वहीत बघत राहिली. नाथाभाऊ सगळं बघत होते.

तास सुटल्यावर ते तिच्या बाकापाशी जाऊन उभे राहिले. पूजा शेजारीच होती, म्हणून शब्द नेमके सांगू शकतो. म्हणाले, “मी हर्षाली. दम्याचं मला काय नाय, तो येतो न जातो. पण खिडकी मला उठून लावावी लागती. मग सगळे माझ्याकडं बघत्यात. ट्रॅक्टरकडं कुणीच बघत नाय.”

तिने मान हलवली. पूजा म्हणते, बराच वेळ हलवत होती.

कृपा करून टाळ्या वाजवू नका. मी पुढचं सांगतो. त्या वर्षी काहीही बदललं नाही. पुन्हा पाऊस आला, पुन्हा पान सुकलं, आणि ट्रॅक्टरवर मीच होतो. नाथाभाऊंनी मला थांब म्हटलं नाही. थंडीत हर्षालीला नाशिकला दवाखान्यात ठेवावं लागलं. त्या वेळी मी बाईंकडे गेलो आणि जरा तिखटच विचारलं, की बाई, तुमच्या तासाने काय झालं? मान तिची हलली, मान त्यांची हलली, पोरगी मात्र दवाखान्यात. बाई वह्या तपासत होत्या. पेन खाली न ठेवता म्हणाल्या, “भांडण मिटवायला ग्रामपंचायत आहे, सोमनाथभाऊ. माझ्या तासाला खोटं बोलायचं नाही, एवढाच माझा हट्ट.”

मला ते उत्तर पुरलं नाही. आजही पुरत नाही, बाई. निरोपाच्या दिवशी हे बोलू नये, पण तुमच्याच शाळेत बोलायचं तर गोड कसं करू?

उन्हाळ्यात शाळा बंद, बागही निवांत. हर्षाली दहावीत गेली. या गणपतीनंतर चंद्रभागाबाईंनी शिरसाठ सरांकडे शाळा सोडल्याच्या दाखल्यासाठी अर्ज दिला. बोर्डाचे फॉर्म एकदा भरले, की शाळा बदलता येत नाही. म्हणजे जे काय व्हायचं ते येत्या काही दिवसांत. सरांनी अर्ज अजून पुढे पाठवलेला नाही, पण त्यांनाही तो किती दिवस दाबून ठेवता येणार?

गेल्या आठवड्यात नाथाभाऊ माझ्या शेडवर आले. छाटणीचं बोलायला. औषधांचं ठरलं, मजुरांचं ठरलं. उठता उठता म्हणाले, शाळंकडच्या सहा ओळींत ब्लोअर घालायचा नाय. तिथं पाइप-गनने मारायचं, हाताने, खालून वर. आणि शाळा सुटल्यावर.

मी त्यांना समजावलं, कारण समजावणं माझं काम आहे. म्हटलं, नाथाभाऊ, शाळा साडेबाराला सुटते. तोवर रोग पानात शिरलेला असेल. गनने सहा ओळींना अर्धा दिवस जाईल. त्या ओळींत डावणी येईल.

ते म्हणाले, “येईल.”

मी म्हटलं, आणि तिथून बाकीच्या बागेत गेली तर?

म्हणाले, “तेबी होईल कदाचित. तू माझ्या वतीनं बोलू नको. मी माझं बोललो.”

एवढं बोलून ते गेले. चेहऱ्यावर मोठेपणाचा भाव वगैरे काही नव्हता. वैतागलेलेच होते. चप्पल सापडत नव्हती म्हणून माझ्या कुत्र्याला बोलले.

हा निरोप मीच चंद्रभागाबाईंकडे घेऊन गेलो. मला वाटलं होतं त्या हात जोडतील, अर्ज मागे घेतो म्हणतील. त्या भाकरी थापत होत्या. ऐकून घेतलं. म्हणाल्या, “भाऊ, शब्द चांगलाय. पण मागल्या साली पोरीला घिऊन रातभर बसले ते मी. पयल्या फवारणीला बघू.”

बस, इथपर्यंत आलंय. शिरसाठ सर, तुम्ही मला यशोगाथा सांगायला उभं केलं होतंत. माझ्याकडे ती नाही. माझ्याकडे सहा ओळी आहेत, ज्यांत बहुतेक रोग येणार आहे, आणि एक अर्ज आहे, जो अजून तुमच्या टेबलावर आहे. छाटणी सोमवारी सुरू होते. बाई, तुम्ही तेव्हा सटाण्याला असाल. गनचा पाइप धरून त्या सहा ओळींत मी असेन, खिडक्यांच्या अगदी समोर. नवा नोझल मी घेतलेला आहे, थेंब जाड पडतो, उडत नाही. तेवढं माझ्या हातात आहे, तेवढं मी करतो.

आणि पुढच्या वर्षी हा तास कोण घेणार, असं कोणी मला विचारू नका. मी घेणार नाही. माझ्यात तेवढी ताकद नाही. खुर्चीवर बसायला मात्र बोलावलंत तर येईन, टाकी सहाशे लिटरची आहे हे लक्षात ठेवून बोलवा.

समारोपाला आलो. दादासाहेब, आपण वेळ दिलात, आभारी आहे. मंडपवाले, चहावाले, माइक न किंचाळू देणारा झीशान, सगळ्यांचे आभार. खैरनार बाई, संस्थेच्या आणि पालकांच्या वतीने तुम्हाला दीर्घ आयुष्य आणि शांत झोप लाभो.

बोलताना चुकलं-माकलं असेल तर क्षमा मागायची पद्धत आहे. ती मी जरा वेगळी मागतो. आज मी तिघांचं म्हणणं त्यांच्यासमोर मांडलं आणि कोणाची परवानगी घेतली नाही. नाथाभाऊ, तुमचं बरोबर सांगितलं का? हलली. हर्षाली, तुझं? बरं, रडू नकोस, हलली, दिसली मला.

चंद्रभागाबाई?

नाही. त्यांची मान हललेली नाही. राहू द्या, कोणी वळून बघू नका त्यांच्याकडे. मी त्यांचं चुकीचं मांडलं असेल, किंवा बरोबर मांडूनही अजून हलवायची वेळ आलेली नसेल. दोन्हींत त्यांचा हक्क आहे. पहिल्या फवारणीनंतर मी त्यांच्या दारात येईन आणि पुन्हा मांडीन. तोपर्यंत मला माफ असावं.

मी खाली बसतो.